हर्स्ट कॅसल: गुडघेदुखी असलेल्या आई-बाबांना घेऊन जावं का, आणि कोणती टूर घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: जूनमध्ये आई-बाबा सॅन होजेला येतायत, बाबांना पायऱ्यांचा त्रास होतो, तर लॉस एंजेलिसला जाता जाता हर्स्ट कॅसल, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळचा हर्स्ट या वृत्तपत्रमालकाचा जुना वाडा, दोन तासांत उरकता येईल का? जरूर न्या, पण अर्धा दिवस हातात ठेवून न्या. घाईत नेलंत तर नेमकी बाग राहून जाते.

आधी टूरचं बघा. वाडा टेकडीवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० फुटांवर, आणि आपली गाडी वर नेता येत नाही. गाडी खालच्या व्हिजिटर सेंटरला लावायची. तिथून त्यांची बस वळणावळणाच्या रस्त्याने पंधरा मिनिटांत वर नेते. गाडी लागत असेल तर गोळी आधीच घ्या. वर गाइडबरोबर साधारण तासभर फिरवतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ‘ग्रँड रूम्स’च घ्यावी. तिच्यात मुख्य वाड्याचा तळमजला येतो आणि पायऱ्या त्यातल्या त्यात कमी, म्हणजे दीडशेच्या आसपास. ‘अपस्टेअर्स सुइट्स’मध्ये ग्रंथालय आणि हर्स्टची अभ्यासिका बघायला मिळते, पण चढउतार जवळपास दुप्पट. बाबांसाठी ती नको.

दीडशेही जड वाटत असतील तर याच टूरचा पायऱ्या टाळणारा वेगळा प्रकार आहे. त्याच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे तारीख ठरली की लगेच बुकिंग करा. ऐन वेळी खिडकीवर जाऊन मागितला तर मिळेलच असं नाही. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: आतल्या खुर्च्या संग्रहातल्या आहेत, त्यांवर बसू देत नाहीत. चालण्यापेक्षा हे उभं राहणंच गुडघ्यांना जास्त भोवतं.

आता नेमकं बघायचं काय? विल्यम रँडॉल्फ हर्स्ट हा वृत्तपत्रांचा सम्राट. वडिलांनी खाणींत कमावलेली इस्टेट १९१९ मध्ये आईच्या निधनानंतर त्याच्याकडे आली आणि त्याने ज्युलिया मॉर्गन यांना बोलावलं. कॅलिफोर्नियात वास्तुविशारदाचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी १९४७ पर्यंत हे काम सांभाळलं. १६५ खोल्या, १२३ एकर बागा आणि गच्च्या. बाहेरून जुन्या स्पॅनिश चर्चसारखं दिसतं, पण सांगाडा सळई घातलेल्या काँक्रीटचा आहे; भूकंपाचा प्रदेश आहे ना.

जेवणाच्या दालनात जरा रेंगाळा. भिंतींना युरोपातल्या चर्चमधली कोरीव लाकडी आसनं लावली आहेत, वर सिएना शहराची रेशमी निशाणं लटकतायत, आणि खाली त्या लांबलचक टेबलावर चांदीच्या भांड्यांच्या शेजारी केचप-मस्टर्डच्या साध्या बाटल्या आणि कागदी नॅपकिन! हर्स्टच्या काळात टेबल असंच मांडत. त्या माणसासाठी हे घर म्हणजे पूर्वी याच रँचवर (गुरांच्या कुरणांवर) तंबू ठोकून केलेल्या मुक्कामासारखंच होतं, हे त्या बाटल्यांमुळे चटकन कळतं.

गाइडचा तास संपला की लगेच बस पकडू नका. बागेत हवा तेवढा वेळ थांबता येतं, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. नेपच्यून तलाव मॉर्गन यांनी मनासारखा होईपर्यंत दोनदा मोडून वाढवला. त्यात सुमारे १३ लाख लिटर पाणी मावतं. गळती लागल्यामुळे २०१४ मध्ये, दुष्काळात, तो रिकामा केला होता. नवा संगमरवर बसवून २०१८ मध्ये पुन्हा भरला. आतला रोमन तलाव परतीच्या बसथांब्याजवळच आहे, तो शेवटी बघा. तिथल्या निळ्या काचेच्या तुकड्यांत सोन्याचे तुकडे आहेत. फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडही नाही.

जूनमध्ये सकाळी किनाऱ्यावर दाट धुकं असतं, पण बस वर चढताना बहुतेक वेळा धुक्याच्या वर निघते. म्हणजे खाली स्वेटर लागतो आणि वर टोपी. दोन्ही घ्या. वर पाण्याखेरीज काही खाऊ देत नाहीत, त्यामुळे आईंना मधुमेह वगैरे असेल तर बसमध्ये चढण्याआधीच खाऊन घ्या. ठेपले-चटणी गाडीत असू द्या. खाली कॅफे आहे, पण शाकाहारी माणसाने त्याच्यावर विसंबू नये.

रस्त्याबाबत: बिग सर या डोंगराळ किनाऱ्यावरून जाणारा हायवे १ सुंदर आहे, पण दरडी कोसळून तो वरचेवर बंद पडतो आणि तिथे फोनला रेंज नसते. टूरची वेळ ठरलेली असताना तो धोका पत्करू नका. हायवे १०१ ने पासो रोबल्स गावापर्यंत या, तिथून हायवे ४६ पश्चिमेकडे पकडा, मग हायवे १ ने उत्तरेला. टूरच्या किमान अर्धा तास आधी पोचा. मुक्काम जवळच्या कॅम्ब्रिया गावात करा. सकाळी ११ ची टूर घेतलीत तर दीड-दोनपर्यंत मोकळे व्हाल. मग कॅसलपासून उत्तरेला सात किलोमीटरवर पिएद्रास ब्लांकासच्या किनाऱ्यावर शेकडो एलिफंट सील (सोंडेसारख्या नाकाचे अवाढव्य समुद्री प्राणी) वाळूत लोळत असतात. तिकीट नाही, फळ्यांची वाट सपाट आहे, बाबा आरामात चालतील. वाटेत डावी-उजवीकडच्या कुरणांत लक्ष ठेवा, हर्स्टच्या खासगी प्राणिसंग्रहालयातल्या झेब्र्यांचे वंशज अजून तिथे गाईंबरोबर चरतात.