ओव्हरक्लॉक केलेला संगणक दुपारीच का बंद पडतो?

प्रश्न : प्रोसेसरचा वेग मी ४.५ वरून ४.८ गिगाहर्ट्झ केला. सकाळी संगणक सुरळीत चालतो. दुपारी व्हिडिओ रेंडर करताना मात्र स्क्रीन निळी होऊन तो बंद पडतो. व्होल्टेज आणखी वाढवावे काय? — एक वाचक, परभणी

उत्तर : तूर्त वाढवू नये. प्रोसेसरला लागणारी वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १.२५ वरून १.३५ व्होल्ट केल्यास त्याच वेगाला सुमारे १७ टक्के अधिक उष्णता निर्माण होते, आणि मे महिन्यातील परभणीत खोलीच तापलेली असताना ती बाहेर टाकणे कूलरला (वाळ्याच्या नव्हे, प्रोसेसरवरच्या!) जड जाते. आधी वेग १०० मेगाहर्ट्झने उतरवून पाहावा. तरीही संगणक बंद पडल्यास, भार येताच व्होल्टेज किती घसरते ते तपासावे आणि घसरण मोठी असेल तर बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंग्जमधील) लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भाराखाली होणारी व्होल्टेजची घसरण भरून काढणारी सोय, मधल्या पायरीवर ठेवावे.