वाचकांचे प्रश्न : पॅलेडियम पेरोव्स्काइटमध्ये गेलं, मग मिथेन का जळत नाही?

प्रश्न : एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी लँथनम फेराइटमध्ये (लँथनम आणि लोखंडाचा ऑक्साइड, पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकरचनेचा) लोखंडाच्या ५ टक्के जागी पॅलेडियम घातलंय. एक्सआरडीत (एक्स-रेने स्फटिक ओळखायची चाचणी) पॅलेडियम ऑक्साइडचा पीक दिसत नाही म्हणून गाइड खूश आहेत. पण अ‍ॅल्युमिनावर पॅलेडियम लावलेला साधा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) माझ्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला मिथेन जाळतोय. सेल्फ-रिजनरेशनबद्दल, म्हणजे कॅटॅलिस्ट आपला आपणच ताजा होत राहतो याबद्दल वाचून मी हा विषय घेतला होता, आता विषय बदलू का?

उत्तर : अजिबात बदलू नका, तुमचा रिझल्ट बरोबर असण्याची शक्यताच जास्त आहे. आधी हिशोब बघा, ५ टक्के जागा म्हणजे वजनाने साधारण २.२ टक्के पॅलेडियम, हे काही कमी नाही, पण ते नीट आत शिरलं असेल तर त्यातलं बहुतेक दाण्याच्या पोटात बसलंय आणि गॅस तिथपर्यंत जातच नाही. मिथेनचा पहिला सी-एच बॉण्ड तोडायला सुमारे ४३९ किलोज्यूल प्रति मोल लागतात, हायड्रोकार्बन्समधला हा भलताच चिवट बॉण्ड, आणि कमी तापमानाला तो तोडायचं काम पृष्ठभागावरचं पॅलेडियम ऑक्साइड सगळ्यात चांगलं करतं. शिवाय पेरोव्स्काइट बनवायला ७०० अंशांच्या आसपास किंवा वर भाजावं लागतं, त्यात सरफेस एरिया (गॅसला मिळणारा पृष्ठभाग) उतरतो, बऱ्याचदा ग्रॅममागे १०-२० चौरस मीटरवर येतो, तर अ‍ॅल्युमिना सहज १०० च्या वर असतो. म्हणजे तुमची तुलना मुळात समान पातळीवर नाहीये.

आता सेल्फ-रिजनरेशनचं. ही गोष्ट प्रसिद्ध झाली ती २००२ मध्ये, दायहात्सू कंपनीच्या आणि इतर जपानी संशोधकांनी लँथनम-लोखंड-कोबाल्ट-पॅलेडियमचा पेरोव्स्काइट घेऊन नेचरमध्ये दाखवलं तेव्हा. पण तो कॅटॅलिस्ट पेट्रोल गाडीचा होता हे वाचताना निसटून जातं! पेट्रोल इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन कधी थोडा जास्त कधी थोडा कमी असा सारखा हलत असतो, कमी झाला की पॅलेडियम धातू होऊन बाहेर येतं, वाढला की परत आत जातं, आणि या ये-जा मुळे कण एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत. मिथेन जाळताना मात्र गॅसमध्ये ऑक्सिजन बहुतेक वेळा भरपूर जास्त असतो, मग पॅलेडियमला बाहेर काढणार कोण? नंतर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्यांना तर असंही दिसलं की ही हालचाल मुख्यतः पृष्ठभागाजवळच होते, खोलवरचं पॅलेडियम फारसं हलत नाही. त्यामुळे पेट्रोल गाडीतला फायदा मिथेनला आपोआप मिळेल असं धरून चालणं मला चुकीचं वाटतं, आणि अनेक पेपरांच्या प्रस्तावनेत हेच धरलेलं असतं.

तुम्ही करा असं, की त्याच पावडरचे दोन भाग करा, एक आहे तसाच वापरा आणि दुसरा हायड्रोजनमध्ये ४००-५०० अंशांना रिड्यूस करून (ऑक्सिजन काढून घेऊन) मग मिथेन-हवेत चालवा. या तापमानाला पॅलेडियम बाहेर येतं पण लँथनम फेराइटचा सांगाडा टिकतो (लोखंडाऐवजी कोबाल्ट असलेलं कोबाल्टाइट असतं तर सांगाडाही मोडायला लागला असता, म्हणून तुमची निवड चांगली आहे). दुसरा भाग बराच कमी तापमानाला पेटला तर पॅलेडियम आत अडकलं होतं हे गाइडना दाखवायला उत्तर तयार. आणि एक्सआरडीत पीक नाही म्हणजे पॅलेडियम आत गेलंच असं नसतं हो, २-३ नॅनोमीटरचे कण असले तरी पीक दिसत नाही, एक्सपीएस (पृष्ठभागावरचे अणू कोणत्या अवस्थेत आहेत ते एक्स-रेने बघायची चाचणी) करा, त्यात पॅलेडियम ऑक्साइडचा पीक ३३७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतो आणि स्फटिकाच्या जाळीत बसलेलं पॅलेडियम त्याच्या वर सरकलेलं दिसतं.

प्रश्न : मिथेन जाळून शेवटी कार्बन डायऑक्साइडच होतो, मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : १ किलो मिथेन जळून २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, पण तोच १ किलो न जळता सुटला तर १०० वर्षांच्या हिशोबाने साधारण २८ किलो किंवा जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. कोळसा खाणींच्या व्हेंटिलेशनच्या हवेत मिथेन बऱ्याचदा १ टक्क्याच्या खाली असतो, ज्योत धरायला हवेत सुमारे ५ टक्के लागतो, त्यामुळे ती हवा साध्या बर्नरवर पेटतच नाही. कॅटॅलिस्टची खरी गरज इथे आहे.

प्रश्न : टेस्टमध्ये पाण्याची वाफ सोडलीच पाहिजे का? आमच्याकडे सॅच्युरेटर (गॅसमध्ये वाफ मिसळायचं उपकरण) नाहीये.

उत्तर : सोडलीच पाहिजे, सॅच्युरेटर उसना आणा पण सोडा. एका मिथेनमागे पाण्याचे दोन रेणू तयार होतात आणि नॅचरल गॅस इंजिनाच्या धुरात तर १० टक्क्यांच्या आसपास वाफ आधीच असते. साधारण ४५० अंशांच्या खाली पॅलेडियम ऑक्साइडवर हायड्रॉक्सिल (पाण्यापासून आलेले ओएच गट) बसून राहतात आणि मिथेनला जागाच मिळत नाही, कोरड्या गॅसमधला सुंदर ग्राफ ओल्या गॅसमध्ये ५०-१०० अंश सहज उजवीकडे, म्हणजे जास्त तापमानाकडे, सरकू शकतो. लँथनम फेराइटसारख्या आधाराचा ऑक्सिजन हलता असतो, तो ही हायड्रॉक्सिल लवकर हटवायला मदत करू शकतो, म्हणजे तुमचं मटेरियल अ‍ॅल्युमिनाला मागे टाकेल अशी जागा असलीच तर ती ओल्या गॅसमध्येच आहे, आणि तीच टेस्ट तुम्ही टाळताय! वाफ चालू-बंद करून काही तास बघा, बंद केल्यावर किती वेळात सावरतो ते लिहून ठेवा. सल्फर मात्र या प्रोजेक्टमध्ये आणू नका, सल्फर डायऑक्साइड पॅलेडियमलाही धरतो आणि लँथनमलाही, दोन्हीकडे सल्फेट झाले की कोणामुळे काय बिघडलं हे वेगळं काढायला वेगळा प्रोजेक्ट लागेल.