स्वतः लिहिलेल्या शेलमधील कंट्रोल-सीची टेस्ट सर्व्हरवर अधूनमधून फेल का होते?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आपण सी भाषेत छोटा शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) लिहिला आहे, आणि चालू कमांड थांबवणाऱ्या कंट्रोल-सीची टेस्ट आपल्या लॅपटॉपवर नेहमी पास होत असली तरी कॉलेजच्या सर्व्हरवर कधी पास, कधी फेल होते, असे आपण विचारले आहे. गोरेगावच्या एका कंपनीत मी अशाच टेस्ट सांभाळतो, आणि माझ्या मते दोष बहुधा शेलमध्ये नसून टेस्टमधील ‘स्लीप १’मध्ये, म्हणजे बाइट पाठवण्याआधी एक सेकंद थांबण्यात आहे.

साध्या कमांडसाठी बॅश या प्रचलित शेलचीच पद्धत उचलावी: त्याच्या सोर्समधील ‘टेस्ट्स’ फोल्डरमध्ये स्क्रिप्टशेजारी अपेक्षित आउटपुटची ‘.राइट’ फाइल असते आणि ‘डिफ’ या कमांडने दोन्हींची तुलना होते. एक्झिट कोडही, म्हणजे कमांड संपताना परत मिळणारा आकडाही, तपासावा. कमांड सापडली नाही तर १२७, सापडूनही चालवता आली नाही तर १२६. लोकॅल (भाषा आणि क्रमवारीची सेटिंग) ‘सी’वर बांधून ठेवावे, अन्यथा फाइलनावांचा क्रम मशीनगणिक बदलू शकतो.

कंट्रोल-सीसाठी शेलला पाइपमधून इनपुट देऊन चालत नाही, कारण त्या अक्षराचे सिग्नलमध्ये (प्रोसेसला थांबवणाऱ्या सूचनेत) रूपांतर कर्नलमधील टर्मिनल ड्रायव्हर करतो. त्यामुळे सीच्या ‘फोर्कपीटीवाय’ फंक्शनने किंवा पायथनच्या ‘पीएक्सपेक्ट’ लायब्ररीने आभासी टर्मिनल उघडून त्यात शेल चालवावा लागतो, फिश या दुसऱ्या शेलच्या अनेक इंटरॅक्टिव्ह टेस्टही ‘पीएक्सपेक्ट’वर चालतात. आता खरी मेख अशी की आपला शेल ‘टीसीसेटपीजीआरपी’ या कॉलने चाइल्डला (त्याने सुरू केलेल्या कमांडच्या प्रोसेसला) फोरग्राउंडमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या ताब्यात, आणण्याआधीच कंट्रोल-सीचा ३ हा बाइट पोहोचला, तर सिग्नल चाइल्डऐवजी शेललाच जातो, आणि लोड असलेल्या सर्व्हरवर एक सेकंदही कमी पडू शकतो. म्हणून घड्याळाकडे न पाहता चाइल्डच्या आउटपुटची वाट पाहावी: आधी ‘तयार’ छापून मग झोपणारी छोटी स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी, तो शब्द दिसल्यावरच बाइट पाठवावा, आणि पुढच्या प्रॉम्प्टनंतर एक्झिट कोड १३०, म्हणजे १२८ अधिक सिगइंट या कंट्रोल-सीच्या सिग्नलचा क्रमांक २, आला का ते पाहावे. तोच शब्द कमांड-लाइनवर लिहिला तर टर्मिनल तो टाइप होतानाच परत उमटवते आणि टेस्ट फसते. मी स्वतः या चुकीत एक अख्खी दुपार घालवली आहे.

प्रत्येक टेस्टला वेळेची कमाल मर्यादा घालावी, आणि ती संपल्यावर केवळ शेल नव्हे, तर त्याने सुरू केलेले बॅकग्राउंड जॉबही मारावेत, नाहीतर ते सर्व्हरवर तसेच रेंगाळत राहतात.