डायलिसिसवर असताना पीटीएच ४२० आला, घाबरायचं का?

सांगलीहून विचारलंय: वडिलांच्या रिपोर्टवर पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) ४२० लाल अक्षरात आलाय. लगेच घाबरू नका. शेजारी छापलेली साधारण १५ ते ६५ ची रेंज धडधाकट किडनीवाल्यांची. डायलिसिसवर या रेंजच्या वरच्या आकड्याच्या (६५) २ ते ९ पट, म्हणजे अंदाजे १३० ते ५८५, चालतं. मागचे रिपोर्ट काढून बघा, आकडा सतत चढतोय का? सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं आणि लिव्हरमधून रक्तात येणारं एन्झाइम) हवंच. लिव्हर ठीक असून पीटीएचबरोबर अल्कलाइन फॉस्फेटेजही चढत असेल, तर हाडांची झीज वाढल्याची शंका घेतात; मग डॉक्टरांना लवकर भेटा. माझ्या आईचं डायलिसिस मिरजेला चालायचं. फॉस्फरस कमी करायची गोळी आई जेवणानंतर तासाभराने घ्यायची. ही गोळी जेवतानाच घ्यायची असते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आणि तपासणी दरवेळी एकाच लॅबमध्ये करा, पद्धत बदलली की पीटीएचचा आकडाही बदलतो.