वाचकांचे प्रश्न : रांगेत पेटलेली सिगारेट

सुट्ट्यांनंतर सहलींच्या तक्रारी येतात, हे या सदराला नवीन नाही. या वेळी मात्र चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण एका मोठ्या थीम पार्कला गेलो होतो. एका राइडच्या रांगेत पाऊण तास उभे होतो, तेव्हा पुढच्या गृहस्थांनी सिगारेट पेटवली. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दम्याचा त्रास आहे, म्हणून मी विनंती केली, तर ते म्हणाले, ‘मोकळ्या हवेत उभे आहोत, तुम्हाला काय अडचण आहे?’ यजमानांनी मलाच गप्प केले. नियम काय आहे आणि अशा वेळी काय बोलावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : त्या गृहस्थांचे ‘मोकळी हवा’ हे उत्तर पुष्कळांच्या तोंडी असते, आणि त्याला थोडासा आधारही आहे, म्हणून आधी तेवढे नीट पाहू. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्यातील कलम ४ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करते. सार्वजनिक ठिकाणे कोणती, हे सांगताना त्या कायद्याने रुग्णालये, ग्रंथालये, उपाहारगृहे यांच्याबरोबर करमणूक केंद्रांचाही नावानिशी उल्लेख केला आहे. मात्र ‘मोकळी जागा’ त्यातून वगळली होती. पुढे २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ही पळवाट बरीचशी बुजवली. लोकांची ये-जा असलेली खुली प्रेक्षागृहे, क्रीडांगणे, रेल्वे स्थानके, बसथांबे आणि अशी इतर ठिकाणे ‘मोकळी जागा’ म्हणून धरता येणार नाहीत, असे त्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा तिकीट काढून आत शिरलेल्या माणसाला डोक्यावर आकाश आहे एवढ्या कारणाने सूट मिळत नाही. दंड दोनशे रुपयांपर्यंत आहे, जो अशा ठिकाणच्या तिकिटाच्या मानाने किरकोळ वाटावा असाच आहे. परंतु दंड लहान असला म्हणून मनाई लहान होत नाही.

आता कायदा बाजूला ठेवून रांगेकडेच पाहू. अशा ठिकाणची रांग लोखंडी कठड्यांमधून नागमोडी वळणे घेत जाते, बहुतेक वेळा तिच्यावर पत्र्याचे छप्पर असते, आणि माणसे एकमेकांच्या पाठीला पोट लावून उभी असतात. रस्त्यावर कोणी सिगारेट पेटवली तर आपण चार पावले सरकतो; इथे सरकलो तर पाऊण तासाची जागा जाते. म्हणजे धूर ओढणाऱ्याला मोकळीक आणि सोसणाऱ्याला कोंडी, अशी ही व्यवस्था होते. शिवाय दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेट धरलेला हात खाली सोडलेला असतो आणि सहा वर्षांच्या मुलाचा चेहरा नेमका त्याच उंचीवर असतो. धूर वर जाऊन विरतो असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्या उंचीवरून पाहावे. दम्याच्या मुलाला अशा धुराने खोकल्याची उबळ आणि श्वास लागणे, हे अगदी लगेच होऊ शकते. आणि दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नसते, हे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितले आहे.

बोलण्याविषयी माझे मत असे आहे की, पहिले वाक्य नियमाचे नसावे. ‘इथे मनाई आहे, कळत नाही का?’ असे म्हटले की समोरचा माणूस सिगारेट विझवण्याऐवजी स्वतःची बाजू राखू लागतो. त्याऐवजी, ‘भाऊ, लेकराला दम्याचा त्रास आहे, बाहेर जाऊन ओढून येता का? तुमची जागा आम्ही धरून ठेवतो,’ असे म्हणून पाहावे. बाहेर गेले की नंबर जाईल, ही त्याचीही भीती असते. ती तुम्ही काढून घेता. एवढ्यानेही ऐकले नाही तर वाद न घालता राइडवरच्या कर्मचाऱ्याला सांगावे. तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नाव मनाईच्या फलकासोबत ठळकपणे लावणे नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि तक्रार येऊनही त्या व्यक्तीने कारवाई केली नाही तर जितके गुन्हे घडले तितक्यांचा दंड तिच्यावर बसू शकतो. यजमानांनी तुम्हाला गप्प केले ते भांडण टाळण्यासाठी, हे मी समजू शकते. परंतु मुलाचा पंप पिशवीत आहे हे ठाऊक असताना त्यांनीच चार शब्द पुढे होऊन बोलायला हवे होते.

प्रश्न : मी वीस वर्षांपासून सिगारेट ओढतो. सोडण्याचे दोन प्रयत्न फसले आहेत. मेमध्ये सासुरवाडीच्या मंडळींसह हैदराबादकडे सहल ठरली आहे. सोबत सासरे आणि तीन लहान मुले असतील. दिवसभर न ओढता राहणे मला जमणार नाही, पण कोणाला त्रासही द्यायचा नाही. मागच्या वेळी एका पार्कमध्ये रक्षकाने मला स्वच्छतागृहाच्या मागे जायला सांगितले होते. तिथे आधीच सात-आठ जण होते. योग्य रीत कोणती?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तुम्ही हा प्रश्न विचारलात, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या विषयावर त्रास होणाऱ्यांची पत्रे ढिगाने येतात आणि ओढणाऱ्याचे एखादेच येते.

स्वच्छतागृहाची मागची बाजू ही रीत नव्हे, ती रक्षकाने स्वतःची सोय पाहिलेली असते. तिथल्या झरोक्यांतून धूर आत जातो आणि आत आया लेकरांचे कपडे बदलत असतात. प्रवेश करतानाच तिकीट खिडकीवर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : धूम्रपानासाठी परवानगीची जागा आहे का, आणि नसल्यास बाहेर जाऊन पुन्हा आत येता येते का. काही ठिकाणी हातावर शिक्का मारून किंवा मनगटी पट्टा पाहून पुन्हा आत घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत. हे दुपारी तलफ आल्यावर नव्हे, सकाळीच कळलेले बरे. अमेरिकेत डिस्नेच्या कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा येथील पार्कमध्ये पूर्वी आत ठरवून दिलेल्या जागा होत्या. १ मे २०१९ पासून त्या काढून टाकून प्रवेशद्वाराच्या बाहेर नेल्या गेल्या, आणि वाफेच्या सिगारेटलाही तोच नियम लागू केला गेला. म्हणजे ‘बाहेर जाऊन ओढा’ ही काही आपल्याकडचीच अडवणूक नाही. वाफेच्या सिगारेटचा विचार मनात असेल तर तो इथेच सोडावा. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने तिच्या उत्पादनावर, आयातीवर आणि विक्रीवर बंदी आहे.

ओढण्याची वेळ जेवणानंतरची ठेवावी, रांगेत लागण्याच्या आधीची. म्हणजे जागा धरून ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. थोटूक कुंडीत किंवा गवतात टाकू नये. त्याचे फिल्टर कापसासारखे दिसते, पण ते सेल्युलोज अॅसिटेटचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचेच असते, आणि ते पावसाळ्यात कुजून जात नाही. झाकणाची एक लहान डबी खिशात ठेवावी, थोटूक पुरते विझवून तीत टाकावे आणि घरी येऊन रिकामी करावी. परत आल्यावर हात धुवावेत, चूळ भरावी आणि सर्वांत लहान मुलाला लगेच कडेवर घेऊ नये. गाडीत मात्र काच खाली करूनही ओढू नये. परतीच्या प्रवासात लेकरे मागच्या सीटवर झोपलेली असतात आणि त्यांना उठून दूर जाता येत नाही.

एक गोष्ट विचारते. सासऱ्यांसमोर तुम्ही सिगारेट काढणार नाही, याची मला खात्री आहे. आपल्याकडे पन्नाशीचा माणूसही वडील दारात दिसले की बिडी पाठीमागे धरतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. हाच संकोच तीन लहान मुलांसमोरही पाळायचा आहे, असे ठरवले तर वेगळे नियम पाठ करावे लागणार नाहीत. राहिला सोडण्याचा प्रश्न. दोन प्रयत्न फसले याचा अर्थ तिसरा फसेल असा होत नाही. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे, सहलीच्या आधी एकदा लावून पाहावा.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरपासून जवळच आमचे कृषी पर्यटन केंद्र आहे. झोके, बैलगाडी, लहानसा पोहण्याचा तलाव आणि हिवाळ्यात हुरडा पार्टी असते. पाहुण्यांसाठी एका झाडाखाली बाकडे आणि रक्षापात्र ठेवून ‘स्मोकिंग झोन’ करण्याचा विचार आहे. मनाई केली तर पाहुणे म्हणतात, ‘आगटीचा धूर चालतो, मग आमच्या सिगारेटचा का नाही?’
– एक केंद्रचालक

उत्तर : तुमचा हेतू चांगला असला तरी तो झोन करू नका. कायद्याने धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा केवळ तिघांना दिली आहे : तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ. तीही जागा म्हणजे झाडाखालचे बाकडे नव्हे. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारे दार, आणि आतली हवा इमारतीत परत न येता थेट बाहेर जाईल अशी यंत्रणा, असे तिचे वर्णन नियमांत आहे, आणि ती येण्या-जाण्याच्या दारापाशी असता कामा नये. जिथे मनाई आहे तिथे रक्षापात्र, काडेपेटी किंवा लायटर पुरवणे हेही नियमाविरुद्धच आहे. तिकीट लावून लोकांना बोलावले की तुमचे शिवार त्या दिवसापुरते घरचे शेत राहत नाही, असेच मी या तरतुदी वाचते.

तुम्ही करायचे ते एवढेच : प्रवेशद्वाराशी किमान साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा मनाईचा फलक लावावा, खाली जबाबदार माणसाचे नाव लिहावे, आणि फाटकाच्या बाहेर, वाहनांपासून दूर, वाळूने भरलेले एक घमेले ठेवावे, म्हणजे येणारा माणूस पेटती सिगारेट तिथेच विझवून आत येईल. आत टपरी चालवत असाल तर अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट व बिडी विकण्यासही बंदी आहे, हे लक्षात ठेवावे. खरे तर ती टपरीच नसावी.

आगटीचा युक्तिवाद ऐकून मला हसू आले, पण त्याला उत्तर देण्यासारखे आहे. गोवऱ्यांचा धूरही छातीला चांगला नसतो, हे आधी मान्य करावे. परंतु आगटी एका जागी, खड्ड्यात, तुमच्या गड्याच्या नजरेखाली असते आणि तिच्यापासून दूर बसायची मोकळीक प्रत्येकाला असते; सिगारेट मात्र पाहुण्याबरोबर सगळीकडे फिरते. ती कडब्याच्या गंजीला टेकून ओढली जाते, हे तुम्हीही पाहिले असेल. जानेवारीतला वाळलेला कडबा, दुपारचा वारा आणि अर्धवट विझलेले थोटूक, एवढे जमले की तलावातले पाणी बादलीने आणेपर्यंत गंजी राहत नाही. पाहुण्यांना आरोग्याचे व्याख्यान देण्यापेक्षा गंजीकडे बोट दाखवावे. शेतकऱ्याच्या घरून आलेला कोणीही पुढे वाद घालणार नाही.

ओघाने आले म्हणून सांगते, आपल्या भागात धुरापेक्षा पिचकारी अधिक. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यांतील फार थोडे धूम्रपान करणारे होते; बाकीचे मळणारे, चघळणारे आणि थुंकणारे. तेव्हा तलावाच्या काठाचाही फलकात विचार करावा.

प्रश्न : नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत मुलांना आकाशपाळण्यात बसवताना पाळणा चालवणारेच बिडी ओढत होते आणि शेजारी जनरेटर सुरू होता. यात्रेच्या मैदानाला हे नियम लागतात का?
– एक आजोबा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लोकांची गर्दी असलेले मैदान ‘मोकळी जागा’ म्हणून सुटत नाही, हे पहिल्या उत्तरात आलेच आहे. इथे तर धुरापेक्षाही डिझेलच्या कॅनजवळची ठिणगी अधिक धोक्याची आहे, आणि एका हातात बिडी असलेल्या माणसाच्या दुसऱ्याच हाताने पाळण्याची कडी लावली जाते. यात्रेत पोलिसांची चौकी असते, तिथे सांगावे. पण चौकीपर्यंत जाण्याआधी, नातवाला पाळण्यात बसवण्याच्या क्षणी, तुमच्या वयाच्या माणसाचे एक वाक्य पुरेसे होते, असा माझा अनुभव आहे : ‘मामा, आधी बिडी विझवा, मग दोन्ही हातांनी कडी लावा, तोवर आम्ही थांबतो.’