अनोळखी माणसांना पोस्टकार्डं पाठवणं आणि हायकू लिहिणं, हे दोन्ही एकत्र जमेल का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की हे दोन छंद एकमेकांत बसतात का, आणि ज्याला कधी पाहिलं नाही त्याला कार्डावर लिहायचं तरी काय. आधी दुसरं घेते, कारण माझंही घोडं तिथेच अडलं होतं.

सहा वर्षांपूर्वी मी पोस्टक्रॉसिंग या, अनोळखी माणसांना कार्डं पाठवण्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं. पाच पत्ते मिळाले. पाचही कार्डांवर मी एकच मजकूर लिहिला: मी भारतात राहते, मला वाचनाची आवड आहे, तुमचा देश सुंदर आहे. पोचल्याच्या नोंदी आल्या, सोबत ‘धन्यवाद’ आले, बस. मग फिनलंडहून मला एक कार्ड आलं. त्यावर तीनच वाक्यं होती. आज सकाळी तळ्यावरचा बर्फ तडकल्याचा आवाज आला. दार उघडून मी ऐकत उभी राहिले. कॉफी गार झाली. बर्फाचं तळं मी जन्मात पाहिलेलं नाही, पण तो आवाज मला सातारा जिल्ह्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला. ते कार्ड मी आठवडाभर ओट्यावरच ठेवलं होतं. लिहायचं काय याचं उत्तर मला तिथे मिळालं. तुमच्या दाराबाहेर आज काय चाललंय ते सांगा.

हायकू मुळात हेच करत आला आहे. आपण त्याला तीन ओळींची सुटी कविता म्हणून ओळखतो, पण त्याचा जन्म बैठकीत झाला. जपानमध्ये चार माणसं जमून साखळीकविता रचायची, रेंगा. पहिल्या कडव्याला होक्कू म्हणत. बैठकीला आलेला पाहुणा होक्कू म्हणायचा, त्यात तेव्हाच्या ऋतूचा उल्लेख असायचाच, आणि यजमान दुसरं कडवं जोडून त्याला उत्तर द्यायचा. म्हणजे पाहुण्याने उंबऱ्यावर केलेला तो नमस्कारच. कवी बाशो (१६४४-१६९४) गावोगाव हिंडत हेच करत होता. होक्कूला साखळीतून सोडवून स्वतंत्र कविता म्हणून ‘हायकू’ हे नाव रूढ केलं ते कवी मासाओका शिकीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मराठीत तो रुजवला शिरीष पै यांनी. त्यांचे हायकू वाचल्याशिवाय लिहायला बसू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन.

जपानी माणूस आजही पत्राची सुरुवात ऋतूने करतो. नव्या वर्षाची कार्डं तिकडे एक जानेवारीला घरोघर पोचतात, आणि ऐन उन्हाळ्यात तब्येतीची विचारपूस करणारी वेगळी कार्डं असतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजोबांची पिवळी कार्डं आठवली. वर ‘श्री’, मग सा. न. वि. वि., आणि लगेच ‘इकडे मृगाने बरं केलं, पेरा झाला. तिकडील खुशाली कळवावी.’ शेवटी ‘लोभ असावा’. पाऊसपाण्याची बातमी आधी, बाकी सगळं नंतर. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं की हे दोन छंद नाहीतच. हायकू हा नमस्कार आहे आणि कार्ड ही त्याची घरी जाण्याची वाट.

आता पोस्टक्रॉसिंगची रीत थोडक्यात. पाउलो मागाल्याइश नावाच्या पोर्तुगीज तरुणाने १४ जुलै २००५ ला ते सुरू केलं. तुम्ही पत्ता मागता, जगातल्या कुणाचा तरी पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक कार्डावर लिहायचाच, कारण समोरचा त्यावरूनच कार्ड पोचल्याची नोंद करतो. नोंद झाली की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला दिला जातो आणि त्याचं कार्ड तुम्हाला येतं. ज्याला पाठवलं त्याने परत पाठवावं असं बंधन नाही. मला यातलं हेच फार आवडतं: दिलं एका दाराशी, आलं दुसऱ्याच दाराने. घरचा पत्ता अनोळखी माणसाच्या हाती जातो याची काळजी वाटत असेल तर पोस्टात पोस्ट बॉक्स घेता येतो. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं पाठवता येतात आणि नवख्या माणसाला ती पुरेशी आहेत.

हायकू कसा होतो हे मात्र जरा सावकाश सांगते, कारण तिथे घाई केली की सगळं बिघडतं. मी एका दूध संकलन केंद्रावर हिशेबाला आहे. पहाटे साडेपाचला लोक दूध घालायला येतात. गेल्या श्रावणात एक सर येऊन गेली आणि मला काहीतरी लिहावंसं वाटलं. पहिल्यांदा लिहिलं ते असं:

पावसाळी सकाळ
मन दाटून आलं
आठवणींचा पूर

हे कुणीही, कुठेही, पाऊस न बघता लिहू शकेल. ‘मन दाटून आलं’ म्हटलं की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही, त्याच्या वाटचंही आपणच वाटून घेतलेलं असतं. मी वही मिटली आणि पुन्हा बाहेर जाऊन उभी राहिले. नक्की काय ऐकलं होतं? एक कॅन धुऊन पालथा घालायचा राहिला होता. पत्र्याच्या वळचणीचं पाणी त्यात ठिबकत होतं. मग बोटांवर मोजून पाच-सात-पाच अक्षरांत बसवलं:

थांबे पाऊस
रिकाम्या कॅनमध्ये
अजून टप

मोजणी चोख, पण ‘थांबे’ असं आमच्याकडे कुणी बोलत नाही, आणि शेवटची ओळ लंगडते. शेवटी राहिलं ते हे:

पाऊस थांबला
रिकाम्या कॅनमध्ये
अजून टपटप

अक्षरं सहा-सात-सात झाली. झाली तर झाली. जपानीत जे मोजतात ते आपलं अक्षर नव्हेच. ‘टोकियो’ हे नाव जपानीत चार मोजतात: तो-ओ-क्यो-ओ. दीर्घ स्वराचे दोन. म्हणजे शाळेत शिकलेलं लघु-गुरू आठवा: लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. त्यांची मोजणी आपल्या मात्रांच्या जवळची आहे, अक्षरांच्या नाही. म्हणून सतरा अक्षरं भरलीच पाहिजेत या हट्टापायी चांगली ओळ मोडू नका. मराठीत पुष्कळ जण दोन ओळींचं यमकही जुळवतात. सहज आलं तर गोड लागतं, ओढून आणलं तर मात्र कानाला खुपतं.

मला महत्त्वाच्या वाटतात त्या दोनच गोष्टी. एक, ओळींमध्ये कुठेतरी खटका हवा. जपानीत त्यासाठी खास शब्द असतात, आपण थांबून तो द्यायचा. पाऊस थांबला, आणि तरी थेंब पडतोय, यातल्या फटीत वाचणारा शिरतो. दुसरी, ऋतूचा शब्द. जपानी कवींकडे अशा शब्दांचे कोशच असतात. आपल्याकडे कोश नसला तरी भांडार केवढं आहे! वळीव, मृगाचा किडा, तेरडा, सोनकी, हस्ताचा पाऊस, दहिवर, हुरडा, मोहोर, पळस. एक वही करा, बारा महिन्यांची बारा पानं पाडा आणि दिसेल तो शब्द त्या पानावर टाका. माझ्या वहीत आषाढाचं पान भरून गेलंय आणि पौषाचं अजून अर्धं रिकामं आहे, म्हणून हल्ली मी पौषात जास्त बारकाईने बघते.

तो कॅनचा हायकू मी जपानच्या एका पत्त्यावर पाठवला. मराठीत मोठ्या अक्षरांत, खाली इंग्रजीत अर्थ, आणि ‘टपटप’चा उच्चार रोमन लिपीत. दीड महिन्याने नोंद झाली. त्या बाईंनी लिहिलं होतं की आमच्याकडे थेंब ‘पोता पोता’ असा पडतो, आणि मी तुमचा ‘टपटप’ मोठ्याने म्हणून पाहिला, तुमचा कॅन पत्र्याचा असणार. कॅन ॲल्युमिनियमचा होता. पण आवाजावरून तिने धातू ओळखला! त्या दिवशी केंद्रावर मी दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला हे सांगत सुटले होते.

साहित्याला फार खर्च नाही. लहान गावात चित्रांची कार्डं सहसा मिळत नाहीत, तर जाड कार्डशीट आणून दहा बाय पंधरा सेंटिमीटरचे तुकडे कापा. कमीत कमी नऊ बाय चौदा आणि जास्तीत जास्त बारा बाय साडेतेवीस, एवढ्यात चालतं. जेल पेन वापरू नका, पावसाळ्यात शाई पसरते. माझं एक कार्ड निळा डाग होऊन पोचलं होतं. साधं बॉलपेन बरं. परदेशाचा दर काउंटरवर विचारून घ्या आणि एका मोठ्या तिकिटाऐवजी दोन-तीन वेगळी लावा, घेणाऱ्याला आवडतं. वाट बघायची तयारी ठेवा. तीन आठवडेही लागतात, दोन महिनेही.

देशातल्या देशात तर पन्नास पैशांचं पिवळं कार्डच पुरतं. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ पासून आहे, तेव्हा पाव आण्याला मिळायचं. पत्त्याखाली सहा आकडे लिहिताना मला दर वेळी श्रीराम भिकाजी वेलणकर आठवतात. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली पिनकोडची पद्धत त्यांची, आणि ते संस्कृतचे कवी होते. पोस्ट आणि कविता यांचं नातं आपल्याच माणसाने इतकं जवळ आणून ठेवलंय, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

या पिवळ्या कार्डावरच माझं सगळ्यात लाडकं काम चालू आहे. एका दिवाळी अंकात माझे तीन हायकू छापून आले. अंकाच्या पत्त्यावरून फिरत फिरत चिपळूणच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचं कार्ड आलं. ‘ताई, सा. न. वि. वि. तुमच्याकडे थंडी पडली असेल. आमच्याकडे मोहोर धरलाय.’ मी त्यांना काका म्हणते. अजून भेट नाही. मी सुचवलं, आपण दोघं साखळी रचू या. बाशोला छत्तीस कडव्यांची साखळी आवडायची, तीच धरली. पहिलं तीन ओळींचं कडवं मी पाठवलं. त्यांनी दोन ओळींचं उत्तर जोडलं आणि त्याच कार्डावर नव्या तीन ओळी दिल्या. आता प्रत्येक कार्डावर असंच चालतं, आधी दोन, मग तीन.

नियम एकच कसोशीने पाळतो. आपलं कडवं फक्त आधीच्या कडव्याला धरून हवं, त्याच्या मागच्याकडे परत जायचं नाही. हा नियम सांभाळायला सगळ्यात अवघड. काकांनी एकदा दोन ओळींत गोठा लिहिला, पुढच्या तीन ओळींत त्यातल्या कंदिलाचा उजेड जोडला, आणि मी पुन्हा म्हशीकडे वळले. त्यांनी कार्ड परत पाठवलं, वर बारीक अक्षरात लिहून: ‘ताई, उजेड घेऊन पुढे चला.’ मग मी त्या उजेडात स्टेशनावरची रात्रीची गाडी आणली. रेंगाच्या रीतीप्रमाणे चंद्राच्या आणि फुलांच्या जागा ठरलेल्या असतात. एका कडव्यात त्यांनी सुरंगीचं फूल आणलं आणि कार्डाला खरोखर वास लावून पाठवला होता. इथे पोचेपर्यंत तो उडाला होता, पण कडव्यात आहे.

चौदा महिन्यांत तेवीस कडवी झाली. तेविसावं परवा आलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हाची खूण त्यांच्या घरात अजून आहे. काकांनी लिहिलंय:

पुराची रेघ
भिंतीवर तशीच
शेजारी नातीची उंची

पेन्सिलीने, वाढदिवसागणिक एकेक खूण, असं बाजूला कंसात लिहिलं आहे. नात कितवीत आहे ते सांगितलेलं नाही. ती रेघेच्या वर गेली की अजून खाली आहे, तेही नाही.

चोविसाव्या कडव्याच्या दोन ओळी माझ्याकडे आहेत आणि मला अजून सुचलेल्या नाहीत. तुम्ही सुरुवात कशी करावी विचारलंत ना, मग आज एक पिवळं कार्ड आणा, काकांच्या या तीन ओळी त्यावर उतरवा आणि खाली तुमच्या दोन लिहून बघा. पुराकडे परत जायचं नाही, एवढं सांभाळा. नातीपासून पुढे निघा.