पाण्यात सोडण्यापूर्वी लाकडाची पारख

प्रश्न : नदीच्या पात्रात वाहून आलेले, वेड्यावाकड्या फांद्यांचे एक लाकूड मी घरी आणले. ते दोन तास उकळले, भिजवण्याचे पाणी दोनदा बदलले, तरीही बादलीतले पाणी कोऱ्या चहासारखे होते आणि लाकूड तरंगतच राहते. माझ्या 60 लिटरच्या माशांच्या टाकीत निऑन टेट्रा जातीचे मासे आहेत. हे लाकूड त्यांना बाधेल का, की ते टाकूनच द्यावे?

उत्तर : टाकून देण्याची घाई करू नये आणि टाकीत ठेवण्याचीही करू नये. पाण्याला आलेला रंग टॅनिनचा आहे. लाकूड आणि वाळलेली पाने पाण्यात मुरली की हा पदार्थ सुटतो, आणि निऑन टेट्रा मुळात ज्या ॲमेझॉन खोऱ्यातले, तिथल्या अनेक ओढ्यांचे पाणी याच रंगाचे असते. टॅनिनमुळे पाण्याचा पीएच थोडा उतरतो, म्हणजे पाणी किंचित आम्लधर्मी होते. पाणी मृदू असेल तर हा फरक जाणवतो, जड असेल तर फारसा जाणवत नाही. त्यामुळे आपल्या माशांना रंगाची भीती नाही. तो डोळ्यांना खटकत असेल, तर फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवल्यास काही दिवसांत पाणी निवळते. आपल्याकडे मलावी सरोवरातले सिक्लिड असते तर माझे उत्तर वेगळे झाले असते, कारण त्या माशांना जड आणि अल्कधर्मी पाणी लागते.

मला काळजी रंगाची नाही, लाकडाची आहे, कारण ते कोणत्या झाडाचे आहे आणि आतून कसे आहे, हे आपण लिहिलेले नाही. लाकूड कठीण जातीचे, पूर्ण मेलेले आणि आतपर्यंत सुकलेले हवे. पाइन किंवा देवदारासारख्या राळ असलेल्या झाडांचे आणि कण्हेरीसारख्या विषारी झाडांचे लाकूड कितीही सुंदर दिसले तरी घेऊ नये. झाड ओळखता येत नसेल, तर ते लाकूड पाण्याबाहेर शोभेला ठेवणेच बरे. रंग दिलेले किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेले लाकूडही नकोच. अशा औषधांत पुष्कळदा तांबे असते आणि ते कोळंबी व गोगलगायींना अगदी अल्प प्रमाणातही मारक ठरते.

झाडाची खात्री पटली, की लाकडाची परीक्षा करावी. एखादी बारीक फांदी वाकवून पाहावी. ती कट् असा आवाज करून तुटली तर सुकलेली आहे. नुसतीच लवली आणि सालीखाली हिरवट ओल दिसली, तर अजून रस शिल्लक आहे आणि तो पाण्यात कुजणार. मग जाड भागावर अंगठ्याचे नख जोर देऊन दाबावे. नख रुतले आणि भुसा सुटला, तर तेवढा भाग टणक लाकूड लागेपर्यंत खरवडून काढावा. साल तर सगळीच काढावी. ती पुढे आपोआप सुटते आणि तिच्याखाली घाण साचते. शेवटी लाकूड ओले करून नाकाशी धरावे. ओल्या मातीचा वास चालेल, आंबूस किंवा डिंकासारखा उग्र वास चालणार नाही. ही नखाची परीक्षा मी एकदा कंटाळा करून टाळली होती. पाच-सहा महिन्यांनी लाकूड उचलले तेव्हा वाळूत रुतलेला भाग काळा पडला होता, बोटाने दाबताच चिखलासारखा सुटत होता आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास येत होता. प्राणवायू न पोहोचलेल्या कुजक्या भागात तयार होणारा हा वायू माशांना घातक असतो.

आपण लाकूड उकळलेत ते योग्यच केलेत, कारण त्याने शेवाळ, गोगलगायींची अंडी आणि किडे मरतात. पण उकळल्याने लाकूड लगेच बुडेलच असे नाही. त्याच्या रंध्रांतली हवा जाऊन तिथे पाणी शिरायला वेळ लागतो. दोन आठवड्यांत काम झाले तर नशीब समजावे, जाड ओंडक्याला काही महिनेही लागतात. वर दगड ठेवून ते बादलीत पूर्ण बुडवून ठेवावे आणि पाणी रोज किंवा एक दिवसाआड बदलावे. इतका धीर नसेल, तर स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने ते स्लेटच्या लादीला बसवावे आणि लादी वाळूत पुरावी. लोखंडी खिळा गंजतो, तो वापरू नये. बुडण्याची घाई म्हणून प्रेशर कुकरमध्ये लाकूड घालू नये, सुटलेल्या सालपटाने वाफेची वाट बुजू शकते. आणि ओव्हनमध्ये भाजल्यास ते पेट घेऊ शकते.

प्रश्न : सगळी तयारी करून ठेवलेल्या लाकडावर आठवड्याभरात पांढरा, बुळबुळीत थर आला. लाकूड सडले का?

उत्तर : नाही. नव्या लाकडातून सुटणाऱ्या शर्करेवर वाढणारी ही बुरशी आणि जिवाणूंची साय आहे. जवळून पाहिले तर गोगलगाय जिथून सरकली तिथे या थरात स्वच्छ पट्टा उमटलेला दिसेल, कारण गोगलगायी आणि कोळंबी हा थर आवडीने खातात. त्या नसतील, तर जुन्या टूथब्रशने घासून नळीने ओढून घ्यावा. बहुतेक वेळा काही आठवड्यांत तो येणे थांबते.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावरचे लाकूड गोड्या पाण्याच्या टाकीत चालेल का? ते ब्लीचमध्ये बुडवून निर्जंतुक करावे का?

उत्तर : चालते, पण त्यात मीठ आतपर्यंत मुरलेले असते, म्हणून ते बरेच जास्त दिवस भिजवावे लागते. जिभेची परीक्षा इथे पुरी पडत नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण) असेल तर ताज्या पाण्याचा आकडा टिपून ठेवावा आणि लाकूड त्यात आठवडाभर ठेवून पुन्हा मोजावे. आकडा फारसा चढला नाही, की मीठ निघाले असे समजावे. ब्लीच मी सुचवणार नाही. लाकूड ते शोषून घेते आणि मग ते पुरते निघाले की नाही याची खात्री करणे अवघड जाते. भांड्यात न मावणारे लाकूड असेल, तर एकेक बाजू उकळत्या पाण्यात बुडवून उलटत जावे. आणि किनाऱ्यावरचे असो वा नदीतले, उचलण्यापूर्वी तिथून लाकूड नेण्यास मनाई नाही ना, याची चौकशी करावी. पाण्यात अर्धवट रुतलेल्या ओंडक्याच्या आडोशाला मासे आणि खेकडे राहतात, तो जागचा हलवू नये. काठावर कोरडे पडलेले लाकूडच आणावे.